बाईंचा सकाळचा निकाल

स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजला की आमच्या ऑफिसात सगळे खुर्च्या मागे सारून उठायचे. टण, टण, टण. मग चहाच्या मशीनपाशी उभ्या असलेल्या बाई कपाळावरचा चष्मा नाकावर आणायच्या, मोबाईल हातभर लांब धरायच्या आणि खणखणीत आवाजात सुरू करायच्या, "नमस्कार. आज मंगळवार. काल आपण सगळ्यांनी मिळून जे दिवे लावले, त्यांचा निकाल आता जाहीर होत आहे."

निकाल कसला, ते आधी सांगायला हवं. आमचं ऑफिस तुर्भ्याला, कारखान्यांच्या गल्लीत. खाली टेम्पो दुरुस्तीचं गॅरेज, वर आम्ही. मसाला मार्केटकडून वारा सुटला की अख्ख्या मजल्याला मिरचीचा ठसका लागायचा. आम्ही कंटेनर यार्डासाठी सॉफ्टवेअर बनवायचो. उरणजवळ द्रोणागिरीच्या यार्डात ट्रक आला की गेटवरच्या कॅमेऱ्याने त्याची नंबरपाटी वाचायची, संगणकाने नोंद करायची, पावती छापायची आणि दांडी वर उचलायची. ऐकायला एवढंच. पण आम्ही रोज त्यात काही ना काही बदल करायचो आणि एक गोष्ट सरळ करताना दुसरी वाकडी व्हायची. म्हणून आम्ही घरी गेलो की एक मशीन आपलं आपण सगळ्या चाचण्या घेत बसायचं. पावती छापली जाते का? एकच ट्रक दोनदा आत शिरू शकतो का? वीज गेली तर दांडी ट्रकच्या टपावर आदळते का? अशा शेकडो चाचण्या, आमच्या भाषेत 'केस'. सकाळी यादी तयार. जमलं ते हिरवं, बिघडलं ते लाल.

अशी यादी बहुतेक सॉफ्टवेअर कंपन्यांत तयार होते आणि बहुतेक कंपन्यांत ती कुणी वाचत नाही. मेलमधून येते, एका कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये जाऊन पडते. आमच्याकडेही तसंच चाललं असतं. पण टेस्टिंगच्या प्रमुख बाई होत्या.

पन्नाशी उलटलेली, अंगाने किरकोळ, कॉटनची कडक इस्त्रीची साडी आणि खाली पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज. बाकी सगळे एकमेकांना नावाने हाक मारायचे, अगदी मॅनेजरलाही. यांना मात्र सगळे बाई म्हणायचे. हे कुणी ठरवलं नव्हतं. त्या समोर आल्या की तोंडातून तेच यायचं.

मूळच्या त्या कोकणातल्या. कॉलेज संपल्यावर गावच्या बसस्टँडवर काही महिने त्यांनी बदलीवर उद्घोषणा केल्या होत्या. अमुक गावची गाडी फलाटावर लागत आहे, तमुक गाडी उशिराने धावत आहे. पुढे कॉम्प्युटरचा कोर्स केला, लग्न होऊन सानपाड्याला आल्या, टेस्टिंगमध्ये पडल्या आणि तिथेच राहिल्या. पण आपलं खरं शिक्षण त्या स्टँडवर झालं, असं त्या छाती ठोकून सांगायच्या. "गाडी उशिरा आहे हे सांगितलं की माणूस निवांत चहा प्यायला जातो," त्या म्हणायच्या. "नाही सांगितलं की तोच माणूस दगड उचलतो. गाडी दोन्ही वेळेला तेवढीच उशिरा असते."

मी नोकरीला लागले तेव्हा सांगलीहून नुकतीच आले होते आणि मुंबईकडच्या लोकांच्या बोलण्याच्या वेगाने गांगरले होते. पहिल्याच आठवड्यात मी पावतीवरच्या तारखेत काहीतरी सुधारणा केली. दुसऱ्या दिवशी पेला वाजला आणि बाईंनी वाचलं, "तारखेची केस नापास. आजच्या पावतीवर गेल्या शतकातली तारीख येत आहे. हा पराक्रम आपल्या सांगलीच्या नव्या मुलीचा. टाळ्या." आणि लोकांनी खरंच टाळ्या वाजवल्या. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तेवढ्यात बाई डबा घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या आणि राजगिऱ्याचा लाडू पुढे केला.

"घे. पहिल्या लालचा लाडू असतो."

"सॉरी बाई, मी लगेच दुरुस्त करते."

"ते करशीलच गं. आधी लिही."

"काय लिहू?"

"काय झालं, का झालं, तुला कसं कळलं. एक ओळ. मराठीत लिही, इंग्रजीत लिही, मोडीत लिही. पण माणसाने लिहिल्यासारखं लिही."

निकाल सगळ्यांसमोर वाचायचा हा बाईंचा पहिला नियम, आणि हा दुसरा. मशीन नुसतं लाल दाखवतं. त्या लालपाशी माणसाची एक ओळ पडल्याशिवाय बाई निकाल पुढे सरकू द्यायच्या नाहीत. सुरुवातीला लोक कंटाळायचे, 'झालं' एवढंच लिहायचे. बाई ते 'झालं' सगळ्यांसमोर असं काही वाचायच्या की दुसऱ्यांदा तसं लिहायची कुणाची टाप नव्हती.

चाचण्यांना ठरलेले नंबर होते, पण बाई नंबर वापरत नसत. एकाच ट्रकच्या दोन पावत्या निघतात का बघणारी ती 'जुळ्यांची केस'. एक चाचणी होती, काहीही न बदलता आज हिरवी, उद्या लाल. तिला त्या 'धाकट्या जाऊबाई' म्हणायच्या. "जाऊबाई आज हसतायत," असं निकालात आलं की सगळ्यांना कळायचं. आम्ही एकदा वैतागून म्हटलं, "बाई, ही काढूनच टाकू या." तर म्हणाल्या, "लहरी माणूस उगाच लहरी नसतो. त्याला कुणीतरी त्रास देतंय, शोधा." शोधलं तर खरंच सापडलं. दोन संगणकांच्या घड्याळांत किंचित फरक होता. जाऊबाई तेव्हापासून रोज हसायला लागल्या आणि बाईंनी निकालात त्यांचं जाहीर कौतुक केलं.

हे सगळं ऑफिसपुरतं होतं असं नाही. सानपाड्याच्या त्यांच्या सोसायटीत त्या दर रविवारी लिफ्टची परीक्षा घ्यायच्या. सगळी बटणं एकदम दाबायची, दार अर्धवट उघडं धरायचं, मग आतली घंटा वाजवून वॉचमन किती वेळात येतो ते बघायचं. निकाल तळमजल्याच्या फळ्यावर. सोसायटीचे सेक्रेटरी एकदा त्यांना म्हणाले, "वहिनी, लोकांना उगाच टेन्शन येतं हो." त्यावर बाई म्हणाल्या, "टेन्शन लिफ्टला येऊ दे. लोक जिन्याने जातील." माझी आई सांगलीहून आली होती तेव्हा त्या एकदा माझ्या घरी जेवायला आल्या. आईने केलेली आमटी चाखली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "पास. पण मिठाची एक केस राहिली." माझी आई फटकळ. क्षणभर मला भीती वाटली. आईने आमटी चाखली आणि मुकाट्याने मिठाचा डबा आणला.

मग एकदा वरून फर्मान आलं की जुने निकाल काढून टाका, जागा फार खातात. आम्हाला वाटलं आता बाई अंगात आल्यासारख्या भांडणार. बाई शांतपणे म्हणाल्या, "बरोबर आहे. सगळं ठेवणं म्हणजे जपणं नाही, ती अडगळ झाली. शुक्रवारी साफसफाई करू."

त्या शुक्रवारी दुपारी आम्ही सगळे जमलो. बाईंनी भेळ मागवली. रोजची यादी दिसायची त्या भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर जुने निकाल लावले आणि नियम सांगितला, नुसता मशीनने लिहिलेला निकाल जाणार, माणसाची ओळ असलेला राहणार. एकेक ओळ वाचायला सुरुवात झाली. कुणीतरी लिहिलं होतं, 'पावती छापली नाही. प्रिंटरमधला कागद संपला तर काय होतं, हे आपण कधी विचारलंच नव्हतं. आज प्रिंटरने स्वतः सांगितलं.' दुसऱ्याने लिहिलं होतं, 'रविवारी दांडी उघडत नाही. दांडीला सुट्टी कुणी दिली ते शोधतो आहे.' आणि एक होती आमच्या मॅनेजरची, ते पूर्वी आमच्यासारखेच प्रोग्रामर होते तेव्हाची: 'चूक माझी. काल मुलगी झाली, लक्ष नव्हतं.' खाली बाईंचा शेरा, 'चूक माफ. मुलगी पास. पेढे प्रलंबित.'

आम्ही हसून लोळलो. मॅनेजर मागे उभे होते. ते कधी तिथून निघून गेले कळलं नाही. थोड्या वेळाने गल्लीतल्या मिठाईवाल्याकडून पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. मुलगी एव्हाना तिसरीत गेली होती.

हे मॅनेजर माणूस चांगला, पण घाबरट. त्यांचं घाबरणं समजण्यासारखं होतं. आमच्या सगळ्यांच्या नोकऱ्या त्यांच्या गळ्यात होत्या. द्रोणागिरीचं यार्ड ज्यांच्या मालकीचं होतं ते शेठ उरणच्या बाजूचे. पूर्वी घरचं मिठागर, आता यार्ड. त्यांनी दुसरं यार्ड घेतलं होतं आणि तिथलं काम आम्हाला द्यायचं की दुसऱ्या कंपनीला, हे ठरवायला ते स्वतः तुर्भ्याला यायचे होते. आदल्या दिवशी मॅनेजर बाईंच्या टेबलाशी आले.

"बाई, हे काम गेलं तर टीम राहत नाही, एवढं समजा. उद्या तो मोठा टीव्ही बंद ठेवू. आणि निकाल शेठ गेल्यावर वाचा. प्लीज."

"का बरं?"

"अकरा लाल आहेत हो. परत एकदा चालवून बघा ना, कधीकधी होतात हिरवे."

"थर्मामीटर झटकून ताप उतरत नाही," बाई म्हणाल्या. मग त्यांनी मॅनेजरच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आवाज मऊ केला. "तुम्ही सांगताय तर टीव्ही बंद ठेवते. पण कुणी सरळ विचारलं तर मी खोटं सांगणार नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, मागाहून नको."

दुसऱ्या दिवशी शेठ आले. पांढरा शर्ट, गळ्यात जाड चेन, हातात दोन फोन. मॅनेजरनी लॅपटॉपवर चित्रं दाखवायला सुरुवात केली. सगळीकडे हिरवे बाण वर चाललेले. शेठ जांभया दाबत बघत होते. मधेच त्यांची नजर भिंतीवर गेली.

"यो टीवी कशाला बंद हाय?"

मॅनेजर पाणी प्यायले. शेठनी पुन्हा विचारलं, "बिगडलाय काय?"

"नाही," बाई म्हणाल्या. "टीव्ही चांगला आहे. त्यावर जे दिसतं ते चांगलं नाही म्हणून बंद ठेवलाय."

"मंग लावा की. बघू द्या मना."

बाईंनी मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरनी डोळे मिटून मान हलवली. टीव्ही लागला. हिरव्या रांगांमध्ये अकरा लाल पट्टे. बाई उठल्या, चष्मा नाकावर आणला आणि स्टँडवरच्या आवाजात एकेक वाचायला लागल्या. तिसऱ्यावर शेठ खुर्चीत सरळ झाले.

"थांबा, थांबा. काय बोल्लाव?"

"चिखल लागलेली नंबरपाटी, नापास. चिखल असला की आमच्या कॅमेऱ्याला तीन आणि आठ यांतला फरक कळत नाही. दुरुस्ती चालू आहे, अजून जमलेली नाही."

"तीन आनि आठ!" शेठनी मांडीवर थाप मारली. "अवो, माजा भाचा बसतो गेटवर. सगला पावसाला त्याला शिव्या घालतंय मी, तुना डोले हायत का बटनं, म्हनून!" आणि त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला, स्पीकरवर. "हॅलो, आयक. ता तीन-आठचा तुजा चुकला नाय. कॅमेरा येडा हाय. हां. हां, मीच बोलतंय. जेवलास का?"

पलीकडून भाच्याचा भेदरलेला आवाज, "मामा, तब्येत बरी हाय ना तुमची?"

सगळं ऑफिस हसलं. शेठही हसले. मग मॅनेजरकडे वळून म्हणाले, "तुमी मना इतके दिस हिरवा हिरवा दाखवलाव. मना वाटला माजीच मानसं येडी. ही बाय मना पयल्यांदा खरा सांगते." आणि बाईंना, "हा तुमचा रिझल्ट मना रोज पायजे."

"रोज मेल करतो, सर," मॅनेजर घाईने म्हणाले.

"मेल कोन वाचतो? आता बोल्ली ना ती, तसा बोलून पाठवा."

दुसऱ्या यार्डाचं काम आम्हाला मिळालं. त्या दिवशी संध्याकाळी जाताना मॅनेजरनी टीव्हीचा रिमोट बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून चहाच्या मशीनपाशी वाचलेला निकाल फोनवर रेकॉर्ड होऊन द्रोणागिरीला जायला लागला. शेठनी यार्डातल्या सगळ्यांचा एक ग्रुप केला होता. गेटवरची मुलं, क्रेनवाले, वजनकाट्यावरची ताई, सगळे त्यात. बाई त्यात यार्डापुरता मजकूर जोडायच्या. "पाटीवर चिखल असेल तर फडका मारून घ्या. दोष तुमचा नाही, आमचा आहे, पण तोवर फडका तुमचा." लवकरच उलट निरोप यायला लागले. कुणी मराठीत, कुणी हिंदीत, मागे हॉर्नचे आवाज. "मॅडम, गाडी रिव्हर्समधी आत आली तर कॅमेरा मागचा नंबर वाचतो का पुढचा?" हे आम्ही कधी तपासलंच नव्हतं. बाईंनी लगेच नवी चाचणी मांडली, 'उलट्या ट्रकची केस', आणि निकालात विचारणाऱ्याचं जाहीर कौतुक केलं. मग काय, रोज कुणी ना कुणी नवी अडचण शोधून पाठवायचा. ती सकाळी वाचली जावी म्हणून त्यांच्यात चढाओढ लागली.

दसऱ्याच्या आधी वजनकाट्यावरच्या ताईचा निरोप आला. "बाई, दसऱ्याला सगल्या गाड्यांना हार असतात. केलीचे खांब पन बांदतात. नंबर दिसनारच नाय. रांग पार रस्त्यावर जाईल."

बाईंनी निरोप सगळ्यांना ऐकवला आणि म्हणाल्या, "हारवाले फोटो हवेत. भरपूर. चला खाली."

ती दुपार माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. बाजारातून झेंडूची पोती आणली. गॅरेजवाल्याने दुरुस्तीला आलेले टेम्पो बिनतक्रार दिले, वर स्वतः हार ओवायला बसला. अख्खं सॉफ्टवेअर डिपार्टमेंट रस्त्यात बसून हार करतंय, मॅनेजर स्वतःच्या नव्या गाडीला केळीचा खांब बांधतायत आणि बाई पांढऱ्या बुटांत इकडून तिकडे पळत ओरडतायत, "अर्धी पाटी झाका! आता पाऊण! त्याला लिंबू-मिरची लावा, बरोबर तीनवर!" जाणारे ट्रकवाले थांबून विचारत होते, इथे देऊळ कुठे आहे म्हणून. एकाने तर आपला ट्रक मधे आणून उभा केला आणि पूजा करून घेतली. बाईंनी त्याच्याही पाटीचा फोटो काढला.

त्या फोटोंवर आम्ही कॅमेऱ्याला शिकवलं. दसऱ्याच्या सकाळी सगळे ऑफिसात आलो, सुट्टी असून. बाईंनी यार्डाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. भाचा एकेक गाडी सांगत होता. "पास... पास... पास... बाई, ह्याच्या पाटीवर आख्खा नारल हाय."

"मग?"

थोडा वेळ नुसता हॉर्न. मग, "पास!"

बाईंनी त्या दिवशी टाळ्या मागितल्या नाहीत. त्या मटकन खुर्चीत बसल्या आणि पदराने चष्मा पुसत राहिल्या.

दिवाळीनंतर त्यांचा आवाज बसला. आधी आम्हाला वाटलं मिरचीचा ठसका असेल. मग वाटलं सर्दी. निकाल वाचता वाचता शेवटचे शब्द तुटायला लागले. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं. स्वरतंतूवर गाठ होती. ऑपरेशन करावं लागेल, गाठ कसली आहे ते मग कळेल, आणि आवाज पूर्वीसारखा राहील याची खात्री नाही, असं सांगितलं. बाईंनी हे आम्हाला चहाच्या मशीनपाशीच सांगितलं, निकालाच्या शेवटी, त्याच सुरात. "आणखी एक लाल. घसा. कारण शोधणं चालू आहे. कळलं की कळवते."

मी बेसिनपाशी जाऊन कप धुवत राहिले. धुतलेलेच परत धुतले.

ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली. वजनकाट्यावरच्या ताईने उरणच्या देवीला नारळ फोडला म्हणे. पण डॉक्टरांनी बाईंना महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, अशी ताकीद दिली. निकाल वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी जीव ओतून वाचला, बाईंसारखा पेला वाजवून. पाचच मिनिटांत यार्डाचं उत्तर आलं, "ह्यी कोन? आमची बाई कुटं?"

मी कारण सांगितलं. त्या दिवसापासून यार्डाने एक नवीच गोष्ट सुरू केली. रोज सकाळी तेच बाईंना निकाल पाठवायला लागले, घरी, थेट त्यांच्या फोनवर. "नमस्कार. आज गुरुवार. गेट एक, पास. गेट दोन, पास, पन दांडी कुरकुरते. वजनकाटा, पास. भाचा, नापास, उशिरा आला." रोज वेगळा माणूस वाचायचा. बाईंना भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला एकेक ऐकवले. त्यांना बोलता येत नव्हतं, म्हणून पाटीवर खडूने लिहीत होत्या. क्रेनवाल्याच्या निकालाला त्यांनी लिहिलं, 'शब्द गिळतो. पण सूर चांगला आहे.' मग पुसून खाली लिहिलं, 'यांना कुणी शिकवलं असेल?'

"तुम्हीच की," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, खडू उचलला आणि ठेवून दिला.

त्या परत आल्या तो सोमवार होता. आणि नेमकं आदल्या रात्री आमचं चाचण्यांचं मशीनच आडवं झालेलं. टीव्हीवर वरपासून खालपर्यंत सगळं लाल. एकही हिरवा पट्टा नाही. मॅनेजर धावतच आले. "बाई, आज नको. पहिलाच दिवस. उद्या वाचा."

बाईंनी फोन हातात घेतला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. आवाज आला तो आम्ही ओळखला नाही. खोल, खरखरीत, मधेच हवा निसटून जाणारा. सुकलेल्या झावळीवरून कुणी हात फिरवावा तसा.

"नमस्कार. आज सोमवार." त्या थांबल्या, घोट घेतला. "आज सगळंच नापास. आवाजासकट."

निरोप गेला. मग शेठचं उत्तर आलं, ते बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं धरलं.

"बाई, बाकीचा दुरुस्त करा. आवाज हाय तसाच ठेवा. आमाला चालतो."

मागून पंधरावीस जणांचा गलका आणि एक लांबलचक हॉर्न.

बाई हसल्या. हसण्यातही आवाज नव्हता, नुसते खांदे गदगद हलत होते. मग मला खूण करून जवळ बोलावलं आणि त्या नव्या आवाजात म्हणाल्या, "लिही. आवाज. दोष माहीत आहे. काम अडत नाही."

मी लिहिलं. मशीन दुपारपर्यंत चालू झालं.

जेवणाच्या वेळी यार्डातून माणूस आला. शेठच्या घरून कोलंबीच्या लोणच्याची बरणी आली होती, लालभडक, वर बोटभर तेल. डॉक्टरांनी बाईंना तिखट सक्त मना केलं होतं आणि हे बाईंनीच आम्हाला सकाळी सांगितलं होतं, लक्ष ठेवा म्हणून. बाईंनी झाकण उघडलं, वास घेतला, झाकण लावलं. पुन्हा उघडलं.

"बाई," मी दटावलं.

"एकच," त्या म्हणाल्या. "चाचणी म्हणून."

त्यांनी एक कोलंबी तोंडात टाकली आणि डोळे मिटले. आम्ही सगळे निकालाची वाट बघत त्यांच्याभोवती उभे. पास की नापास, ते काही त्या बोलल्या नाहीत. दुसरी उचलली.